भाजीच्या गाडीला गादी

चि. धाकटीस,

दादाचा पोटभर आशीर्वाद. तुझ्या वहिनीचाही आहे, पण तो वेगळा मोजून घे. ती म्हणते, तुमच्या आशीर्वादात माझा कालवू नका, मग कुणाचा लागू पडला ते कळत नाही.

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, नाहीतर म्हणशील दादाला काम पडलं की बहीण आठवते. (काम काहीच नाही. सहज लिहायला बसलो आहे.) तुझी कंबर काय म्हणते? मागच्या खेपेला तू आमच्याकडे येताना अर्ध्या चढावर, टपालपेटीच्या खाली, बॅगेवर बसकण मारलीस आणि 'आता तू खाली येत जा, मी काही पुन्हा हा चढ चढायची नाही, शपथ' असं रस्त्याच्या दोन्ही कडांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंस, तेव्हापासून ती टपालपेटी दिसली की मला पत्र आठवत नाही, तुझी कंबर आठवते. मुलाचं पित्त कसं आहे? त्याला म्हणावं, उपाशीपोटी चहा आणि चहावर चहा हे बंद कर, मामाने सांगितलंय. तुझ्या सूनबाईंचा खांदा दुखायचा थांबला का? शिवणाच्या मशीनची खुर्ची दोन बोटं उंच घ्यायला सांग, खांद्याचं निम्मं दुखणं खुर्चीत असतं. नातीचे पुढचे दात आले का? तिने पाठवलेल्या चित्रात माझ्या डोक्यावर केस दाखवले आहेत; पोरगी मनाने फार चांगली आहे. मांजर पुन्हा पोटुशी आहे की नुसतीच सुखवस्तू झाली आहे? आणि तुझी ती समोरची शेजारीण, जिला ऐकू काही येत नाही पण कळतं सगळं, तीही ठीक असेल अशी आशा करतो.

आमच्याकडे मी बरा आहे. मला गुडघे दोन आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही, एवढंच. तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांचं मात्र पटतं. दोघंही एकदमच संपावर जातात. ती खाली बाजारात उतरते राणीसारखी, आणि वर येताना तिची पालखी अडते. अलीकडे तर तिने उतरणंच सोडलं होतं. वाचनालयाची पुस्तकं मी बदलून आणायचो, आणि दर वेळी तिने आधीच वाचलेलं आणायचो. तिने तीही गुपचूप पुन्हा वाचली. तिथे मला कळलं की हे प्रकरण गंभीर आहे.

आमच्या चिरंजीवांनाही ते कळलं. तो विम्याच्या कचेरीत आहे हे तुला ठाऊकच आहे. त्या नोकरीने त्याची नजर अशी झाली आहे की चमचा दिसला तरी आधी तो कुणाच्या डोळ्यात जाईल हे त्याला दिसतं. तो आला, जेवला, हात पुसले आणि म्हणाला की पुढच्या महिन्यापासून तुम्ही दोघं आमच्याकडे राहायला या. खाली सपाटीवर, लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे. आमच्या सूनबाईंनी तर आमच्यासाठी खोलीला रंगही लावून ठेवला आहे. दोघांचं मन सोन्यासारखं, त्याबद्दल वाद नाही. पण मी विचारलं, माझ्या कारखान्याचं काय? (कारखाना म्हणजे मागची पत्र्याची शेड. आयुष्यभर दुसऱ्यांची शिवणयंत्रं तिथेच दुरुस्त केली.) तो म्हणाला, बाबा, एक पेटी आणा. आता तूच सांग, माणसाने एका पेटीत काय आणावं? मी पेटीत बसलो तरी हातोडी बाहेर राहील. तुझी वहिनी उठून मागच्या पायरीवर जाऊन बसली, जिथून खालचं सगळं गाव दिसतं, जिथे तू आलीस की तुम्ही दोघी माझी निंदा करत बसायचात. मग माझाही आवाज चढला, त्याचाही चढला, आणि बोलता बोलता तो म्हणून गेला की बाजारापासून घरापर्यंत तुम्ही दोघं बरोबर, कुणाची मदत न घेता, माझ्या डोळ्यांदेखत वर येऊन दाखवा, मग मी हा विषय काढणार नाही.

मी तो शब्द वरच्या वर झेलला. त्याने 'चालत' म्हटलं नव्हतं.

तुला आपली जुनी काळी सायकल आठवते, जिच्यावर मी तुला शाळेत सोडायचो आणि जिच्या मागच्या कॅरिअरवर बसून तू माझ्या पाठीवर बोटाने चित्रं काढायचीस. तिचा सांगाडा अजून लोखंड आहे, आजकालचा पत्रा नव्हे. म्हटलं, हिला मोटर बसवायची. मोटर म्हटल्यावर मला आधी शिवणयंत्राची मोटर सुचली हे कबूल करतो. ती हाताशी होती, सवयीची होती. पण ती भिंतीतल्या विजेवर चालते आणि वायर पुरेल तिथपर्यंतच चालते, हे तुझ्या वहिनीच्या भावाने मला हसू आवरून समजावलं. माझा हा मेहुणा मोटरींच्या तारा गुंडाळून देतो. पंख्याच्या, पंपाच्या, गिरणीच्या, समोर येईल तिच्या. त्याने एका मोडक्या विजेच्या स्कूटीची लहानशी मोटर आणि शिशाच्या चार बॅटऱ्या दिल्या, आणि बघा चालते का म्हणाला. बॅटऱ्या म्हणजे काळ्या विटाच. त्यांचं वजन एवढं की मोटरीची निम्मी ताकद बॅटऱ्यांनाच वर न्यायला लागायची. स्वतःचा डबा उचलण्यात दमणारा हमाल कुणी पाहिला असेल तर तो हाच. मी एकटाच बसून निघालो. निम्म्या चढावर, इस्त्रीवाल्याच्या टपरीपाशी, सायकल हळू झाली, मग आणखी हळू झाली, आणि मग जळका वास सुटला. इस्त्रीवाल्याने दचकून इस्त्री उचलली, खालचा सदरा उलटा केला, सुलटा केला, शेजारच्या गठ्ठ्यातले तीन सदरे हुंगले, आणि मालकाला काय सांगायचं या विचाराने घामाघूम झाला. जळत होतो आम्ही. मोटरीतल्या तांब्याच्या तारांवरचं रोगण चढाच्या ताणाने शिजून गेलं होतं. तो अजून माझ्यावर रुसलेला आहे. माझे सदरे हल्ली इस्त्री करतो, पण कॉलर सोडून.

इथून पुढे मी अभ्यासाला लागलो. या वयात नवी विद्या म्हणजे जुन्या डब्याला नवं झाकण. बसतं, पण आवाज करून. मोटरी दोन जातीच्या. एक चाकाच्या मध्यात, तुंब्यात बसते आणि चाक स्वतःच फिरवते. दुसरी पायडलच्या मुळाशी बसते आणि साखळी ओढते. दुसरी चढाला हुशार, कारण आपण गिअर बदलतो तसा तिलाही बदलता येतो. हळू जाऊन जोर लावते. मेहुणा म्हणे हीच घ्या. पण मी सगळं आयुष्य मशीनचे पट्टे बदलण्यात घालवलं आहे. जे पट्ट्यातून किंवा साखळीतून जातं ते कधीतरी तुटतं, आणि तुटतं ते गिऱ्हाईक समोर बसलेलं असतानाच. तेव्हा मी म्हटलं, तुंब्यातलीच घेऊ, पण अशी धिप्पाड घेऊ की चढावर तिला घाम फुटता कामा नये. त्यावर मेहुण्याने एकच प्रश्न विचारला, आणि पुढचा सगळा घोळ त्या प्रश्नाच्या पोटी जन्मला. त्याने विचारलं, दाजी, एकूण वजन किती वर न्यायचंय?

आता तुला आपल्या आईची मूठ आठवत असेल. माप घालून झालं की वर एक मूठ, 'येणाऱ्यासाठी'. कोण येणार हे तिला माहीत नसायचं, पण कुणी ना कुणी यायचंच, आणि नाही आलं तर आपण दोघं दोनदा जेवायचो. आई गेली, मूठ घरात राहिली. तुझ्या वहिनीने ती सासूकडून घेतली, पोराने आईकडून घेतली, आणि मेहुणा बहिणीच्या लग्नानंतरची प्रत्येक सुटी आमच्याकडे काढून जाताना खिशात घालून घेऊन गेला. मी माझं वजन धरलं, तुझ्या वहिनीचं धरलं (मनातल्या मनात, घर शाबूत ठेवायचं आहे), सायकलचं धरलं, आणि भाजीचं धरलं. भाजीचं सांगायचं राहिलं. बाजारातून यायचं म्हणजे भाजी आलीच, म्हणून मी मागे जोडायची एक दोनचाकी गाडी बनवली. साधीच आहे. तिला पाठ आहे, धरायला दोन हात आहेत आणि खाली गादी आहे. तुझ्या वहिनीने विचारलं, भाजीला गादी कशाला? म्हटलं, टोमॅटो नाजूक असतात. पाठ कशाला? म्हटलं, दुधी टेकवून ठेवलेला बरा असतो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि आत गेली. भाजीचं वजन मी थोडं सढळ धरलं, कारण बाजारात गेलं की एखादा मोठा भोपळा घ्यावासा वाटतोच. आणि या सगळ्यावर एक मूठ.

तो आकडा तुझ्या वहिनीने भावाला फोनवर सांगितला, आणि सांगताना स्वतःची एक मूठ घातली, कारण तिला वाटलं मी तिचं वजन लाजेखातर कमी धरलं असणार. मेहुण्याने त्यावर मोटर काढली आणि वर एक मूठ घातली. चढ आहे, दाजी आहेत, म्हणाला. मग मी पोराला फोन करून सहज विचारलं (कशासाठी ते सांगितलं नाही) की एवढं वजन वर न्यायला एवढी मोटर पुरेल का. तो म्हणाला, हिशेबाला दीडने गुणा. शिकलेल्या लोकांत मुठीला सेफ्टी फॅक्टर म्हणतात. हे गुणलेलं सगळं घेऊन मी बॅटरीवालीकडे गेलो.

बॅटरीवाली बाई मोडीत निघालेल्या विजेच्या स्कूटरच्या बॅटऱ्या उघडते, आतल्या चांगल्या पेशी, म्हणजे सेल, निवडते आणि नव्याने बांधून देते. तिच्या दुकानात बोलायचं काम ती करते, आपण ऐकायचं. ती म्हणाली, सगळे येतात आणि टाकी केवढी ते विचारतात, नळ केवढा ते कुणी विचारत नाही. चढावर टाकीचा उपयोग नाही, नळ जाड पाहिजे; एकदम भसकन पाणी सोडता आलं पाहिजे. व्होल्ट म्हणजे टाकीची उंची, तीही भरपूर पाहिजे. मग तिने पेशींच्या दोन जाती दाखवल्या. एक हलकी, चपळ, आणि डोकं तापलं की घर पेटवायला मागेपुढे न बघणारी. दुसरी फॉस्फेटची, जड, संथ, कितीही बोला, थंडच. मला दुसरी पटली. माझ्या लग्नाचं रहस्य तेच आहे, दोघांपैकी एकाने फॉस्फेट व्हायचं. (आमच्यात कोण, ते तू ओळखशील. तुझी वहिनी वेगळं ओळखते.) रात्री ही चार्जिंगला कुठे लावणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं पलंगाखाली, तिथे ऊब असते. तिने हातातला पाना खाली ठेवला आणि मला शेडचं दार, खिडकी, आणि झोपायच्या खोलीपासूनचं अंतर यावर असं काही ऐकवलं की मी शाळेतसुद्धा एवढा गप्प बसलो नव्हतो. शेवटी तिने बॅटरी बांधली, आत एक रखवालदार सर्किट बसवलं जे जास्त वीज खेचली की दार लावतं, आणि जाता जाता म्हणाली, तुमचं वय बघून रखवालदार जरा दणकट घातलाय, मध्येच दार लावून तुम्हाला चढावर उभं करायला नको. म्हणजे तिनेही घातली. तिला आपल्या आईची मूठ माहीत असायचं कारण नाही, पण तिच्याही घरी कुणाची तरी आई असेलच.

सगळं जुळवून झालं तेव्हा मेहुण्याने मोजलं आणि जरा गंभीर झाला. ही मोटर, तो म्हणाला, इस्त्रीवाल्याच्या तीन इस्त्र्या एकदम लावल्या तर जेवढी वीज खातील तेवढी खाणार. चाकाचा आस जागच्या जागी फिरून चाक निसटू नये म्हणून त्याने पोलादाची पट्टी ठोकली. मोटर आणि बॅटरी यांच्यामध्ये कंट्रोलर नावाची एक डबी असते, किती वीज सोडायची ते तिच्या हातात; तीही त्याने मोठी घातली. थोडक्यात म्हणजे पातेल्यात प्रत्येकाने आपापली मूठ टाकली. फक्त ब्रेकमध्ये कुणी टाकली नाही. ब्रेक तेच राहिले, तुला शाळेत सोडायचो तेव्हाचे, दोन रबराचे तुकडे आणि ईश्वरावर भरवसा.

ठरल्या दिवशी सकाळी पोरगा आणि सूनबाई आमच्या दाराशी येऊन उभे राहिले. आम्ही दोघं खाली बाजारात. भाजीची गाडी त्या दिवशी जोडली नव्हती, घाई झाली. तुझी वहिनी मागच्या कॅरिअरवर, मांडीवर पिशवी, पिशवीत वाचनालयाचं पुस्तक (न वाचलेलं, तिने स्वतः निवडलेलं, तेवढ्यानेच तिचा चेहरा उजळला होता). मी हँडलवरची, वीज सोडायची खटकी अंगठ्याने दाबली. आता बघ, खटकी अंगठ्याने दाबायची असते, पण मी सगळा जन्म पायाने मशीन चालवलं आहे. चालवायचं तर पाय दाब, थांबवायचं तर पाय उचल, हे माझ्या हाडात गेलं आहे. खटकी दाबताक्षणी पुढचं चाक जमिनीवरून उठलं, क्षणभर मला फक्त आभाळ दिसलं, आणि मग ती सायकल जी सुटली ती दावं तोडलेल्या वासरासारखी. मी घाबरलो. घाबरल्यावर माणूस थांबायला बघतो, आणि थांबायला मला एकच माहीत. मी दोन्ही पाय उचलले. सायकल थांबेना, म्हणून आणखी वर उचलले. अंगठ्याचं भानच नव्हतं. भीतीने मूठ आवळली होती आणि अंगठा खटकीवर रुतला होता.

अशा रीतीने, दोन्ही पाय हँडलच्या उंचीला आडवे धरून, तुझा दादा इस्त्रीवाल्याच्या समोरून गेला. त्याने इस्त्री उचलली, पण आता वास नव्हता, नुसता वारा होता. त्याचे घडी घातलेले सदरे उडाले. टपालपेटी कधी आली आणि गेली ते कळलंच नाही. तुझ्या वहिनीने माझा सदरा पाठीमागून दोन मुठींत धरला होता. बटणं तिनेच शिवलेली, त्यामुळे एकही तुटलं नाही, फक्त मी गळ्यापाशी आवळला गेलो. दाराशी पोरगा हात पसरून उभा होता, बहुधा आम्हाला झेलायला. आम्ही त्याच्या समोरून, पाय तसेच वर, निघून गेलो. सूनबाई फोनवर चित्रण करत होत्या. त्यात आम्ही जेमतेम दिसतो, पण सूनबाईंचा 'अगं बाई' स्वच्छ ऐकू येतो. त्या धांदलीत ब्रेक दाबल्याचं मला आठवतं. ब्रेकलाही आठवत असेल, कारण त्यानंतर त्यातलं रबर सापडलं नाही.

चढ जिथे संपतो तिथे पाण्याची टाकी आहे, आणि टाकीच्या डागडुजीसाठी कुणा देवमाणसाने तिथे वाळूचा ढीग टाकून ठेवला होता. आम्ही त्यात शिरलो. गुडघ्याएवढी वाळू, त्यात पुढचं चाक, त्यामागे मी, त्यामागे ती. कुणाला खरचटलंदेखील नाही. मग मागून तुझ्या वहिनीचा आवाज आला, अगदी बसमध्ये कंडक्टरला सांगतात तसा.

"अहो, आपलं घर मागे राहिलं."

आणि ती हसायला लागली. मी किती दिवसांत ते हसू ऐकलं नव्हतं ते मला ती हसल्यावर कळलं. आम्ही दोघं वाळूत बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसलो. तेवढ्यात पोरगा धावत वर येताना दिसला. धावत म्हणजे आधी धावत, मग भरभर चालत, मग कमरेवर हात ठेवून, आणि शेवटची दहा पावलं रस्त्याच्या कठड्याला धरून. आला आणि आमच्या शेजारी वाळूत बसला. तोंड लाल, छाती भात्यासारखी, बोलायला बघतोय पण शब्द फुटत नाही. तुझ्या वहिनीने पिशवीतली पाण्याची बाटली त्याला दिली, पाठीवरून हात फिरवला आणि मायेने म्हणाली, "बाळा, तुला चढ झेपत नाही. तू वर राहायला येऊ नकोस."

तो प्यायला, थोडा माणसात आला, आणि मग फुटला. म्हणाला, "आजपर्यंत तुम्ही चढणार नाही म्हणून झोप यायची नाही. आता तुम्ही थांबणार नाही म्हणून यायची नाही." मी म्हटलं, झोप नाही ती नाहीच, मग आमचं घर कशाला हलवतोस. त्यावर त्याने नुसतं बाटलीचं झाकण लावलं. विमावाल्याला न सुचणं हा योग दुर्मीळ, मी तो वाया जाऊ दिला नाही. दिला शब्द त्याने पाळला, घर राहिलं, कारखाना राहिला, मागची पायरी राहिली. बदल्यात त्याने दोन अटी घातल्या: ब्रेक तो स्वतः बसवणार, आणि डबीतून सुटणारी वीज मेहुण्याने आवळायची. त्याच दुपारी त्याने पुढे-मागे थाळीचे, म्हणजे डिस्क ब्रेक बसवून घेतले, दणकट, आणि दुकानदाराला म्हणाला की याहून एक नंबर मोठे द्या. रक्त कुठे जातं.

मग 'नीट चालतं का बघतो' म्हणून सायकल घेऊन गेला तो दिवेलागणीला परत आला. केस उभे, सदरा बाहेर, आणि चेहऱ्यावर तो सातवीत होता तेव्हाचं हसू. सूनबाई मला म्हणाल्या, बाबा, खोलीला रंग लावला तो फुकट गेला, आता तिथे आमच्यासाठीही अशीच सायकल घेऊन ठेवू म्हणतोय हा. मी म्हटलं, ठेवा. पण चार्जिंग झोपायच्या खोलीत नको. (विद्या दिल्याने वाढते.)

तर आता सगळं आलबेल आहे. तुझी वहिनी एक दिवसाआड वाचनालयात जाते, पुस्तक बदलते, आणि इस्त्रीवाल्यापाशी मला मुद्दाम सावकाश घ्यायला लावून त्याला मान डोलावते. मेहुणा म्हणतो, दोन माणसांना ही मोटर फार झाली, काढा आणि लहान घाला. मी म्हटलं, असू दे. मोठं भांडं असलं म्हणून काही रोज भरून शिजवावं लागत नाही. सगळा दोष मुठीचा, आणि मूठ काही माझी एकट्याची नव्हती, हे तुला आता पटलंच असेल.

बाकी विशेष काही नाही. कंबरेला जप, दात आलेलीला पापा, मांजराला शेपटीवरून हात.

तुझा,
दादा

ता. क. बसच्या थांब्यापासून आमच्या चढाच्या पायथ्यापर्यंत रस्ता आता गुळगुळीत झाला आहे. आपलं माहिती म्हणून लिहिलं.

वहिनीचा ता. क. वन्सं, यांनी पाकीट चिकटवायच्या आत मी कागद घेतला आहे. हे लिहितात त्यातलं मुठीचं खरं, पण अपुरं. माझ्या भावाने नंतर सगळ्यांच्या मुठी एकेक करून वजा केल्या. तरी एक आख्खा माणूस शिल्लक राहतो. मी यांना विचारलं, हा तिसरा कोण? तर हे कपात बघायला लागले, आणि कपात चहा नव्हता. मग मी जाऊन त्या भाजीच्या गाडीत बसून पाहिलं. भाजीच्या गाडीला पाय ठेवायला फळी आहे, वन्सं, आणि पाठीमागे बरोबर कंबरेच्या जागी उशी शिवली आहे. यांच्या हातची शिलाई मी ओळखते, टाके मोठे असतात. टोमॅटोला कंबर नसते. त्या दिवशी गाडी घाईने नाही राहिली, पोराने विचारलं तर काय सांगायचं म्हणून यांनी मुद्दाम जोडली नाही. म्हणून आम्ही उडालो. मागचं वजन धरून मोटर घेतली आणि ते वजनच जागेवर नव्हतं. पत्रातला तो मोठा भोपळा म्हणजे तुम्ही, एवढं सांगून माझं थांबवते. पोराला मी परवा सांगितलं की गाडी आत्यासाठी आहे. तो दुसऱ्याच दिवशी येऊन त्या गाडीला स्वतंत्र ब्रेक आणि कमरेचा पट्टा बसवून गेला. मागच्या पायरीवर तुमची जागा रिकामी आहे, आणि माझ्याकडे निंदेचा मोठा साठा झाला आहे. या.

दादाचा शेवटचा ता. क. तुझ्या वहिनीने मधला सगळा कागद बळकावला, त्यामुळे आता लपवण्यासारखं काही राहिलं नाही. भोपळ्याचा राग धरू नकोस, लिहिताना दुसरी भाजी सुचली नाही. शपथेचं म्हणशील तर तू पुन्हा चढणार नाहीस असं म्हणाली होतीस. चढायचं नाहीच आहे, बसायचं आहे. टपालपेटीपाशी मी थांबणार नाही. (थांबता येतं आता, पण थांबणार नाही.) फक्त मेहुण्याला डबीतली वीज नेमकी बांधायची आहे आणि ती मागच्या वजनावर ठरते, तेव्हा उलट टपाली, आजच्या आज, तुझं वजन लिहून पाठव. खरं लिही; लग्नातलं नको. वरची मूठ मी घालीन.